गाडी अधिक ड्रायव्हर

मुलांनो,

गेल्या रविवारी तुम्हा दोघांपैकी मोठ्याने व्हिडिओ कॉलवर मला त्याची पहिली गाडी दाखवली. जुनीच, साधी, घरगुती. मग बॉनेट उघडून त्यात काय काय बदलणार आहे ते सांगितलं आणि शेवटी नव्या सायलेन्सरचा आवाज ऐकवला. धाकटी मागे कानांवर हात ठेवून उभी होती. फोन ठेवल्यावर तासाभराने तुमच्या आईचा निरोप आला, "आई, तुझं ऐकतो तो. तूच समजाव त्याला."

मी समजावणार नाही. आजीला गाड्यांमधलं काही कळत नाही असं तुम्हाला वाटतं, ते अर्धंच खरं आहे. साध्या गाडीतून जास्तीचा वेग काढायच्या नादाला लागलेला एक माणूस मी दोन वर्षं रोज पाहिला. त्या उद्योगात माझ्याकडे एक नेमून दिलेलं काम होतं आणि ते मी अतिशय व्यवस्थित केलं. त्याच्याबद्दल तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण सांगायला लागले की त्या व्यवस्थितपणापाशी येऊन माझं पुढचं बोलणं अडतं. लिहिताना कदाचित अडणार नाही.

वाचताना वाट पाहायला नको म्हणून आधीच सांगते. तो आता नाही. क्षयाने गेला, तिशीच्या आत. गाडीने त्याला कधी खरचटलंसुद्धा नाही.

तुमचे आजोबा गेल्यानंतर ऊर्जानगरच्या बाहेरच्या आपल्या घराची मागची खोली आणि गॅरेज रिकामंच होतं. तो खोली पाहायला आला आणि खोलीत शिरलाच नाही. सरळ गॅरेजमध्ये गेला, छताच्या लोखंडी अँगलला दोन्ही हातांनी लोंबकळला आणि तिथूनच मला विचारलं, "बाई, याले वजन टांगता येते न?"

मला वाटलं, व्यायाम करत असेल. "येईल," म्हटलं.

"मंग मले पाह्यजे," तो म्हणाला. खोलीला खिडकी आहे की नाही, हे त्याने शेवटपर्यंत विचारलं नाही.

गडचिरोलीत एटापल्लीच्याही पुढे जंगलात त्याचं गाव. माडिया कुटुंब, घरात गाडी चालवायला शिकलेला तो पहिला. इथे एका कंत्राटदाराकडे वीजकेंद्राची स्टाफबस चालवायचा. ही बस अख्ख्या वसाहतीत सगळ्यात हळू चालणारी म्हणून प्रसिद्ध होती. समोरच्या बंगलीतले निवृत्त फोरमन तिला बैलबंडी म्हणत. "काय रे, आज बैलायले चारा नाई दिला का?" असं ते फाटकातून ओरडायचे. तो हसायचा. एकदा मीच विचारलं, इतकी हळू का चालवतोस? म्हणाला, "रातपाळीचे लोक झोपले राह्यते, बाई. बस माही नाई, अन् त्यायची झोपबी माही नाई." त्याने ब्रेक लावला तर झोपलेल्या माणसाची मान हलत नसे, असं लोक सांगत.

आणि हाच माणूस सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या गाडीच्या मागे लागलेला असे.

गाडी होती तीच जुनी लहान आठशे सीसीची, जी एके काळी प्रत्येक मास्तराच्या आणि कारकुनाच्या दारात असायची. त्याची ती पहिली गाडी. नागपूरला एका मैदानावर हौशी लोकांच्या शर्यती होतात. शर्यत म्हणजे एकमेकांच्या पुढे पळणं नाही. रबरी शंकू मांडून केलेल्या वाटेवरून एकेक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. तो ही गाडी घेऊन एकदा तिथे गेला होता. शेवटून दुसरा आला. लाउडस्पीकरवरचा माणूस म्हणाला, "आता येत आहे आपला डबा, टाळ्या!" हे त्याने मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना त्या माणसाच्या आवाजाची नक्कलही केली. पण नंतर म्हणाला, "गाडी लहान हाय म्हणून नाई हारलो, बाई. जड हाय म्हणून हारलो."

मग त्याने मला त्याचा सिद्धांत सांगितला. इंजिनाची ताकद वाढवायची तर मोठे सुटे भाग लागतात. कार्ब्युरेटरचं जेट मोठं करणं, सायलेन्सरची नळी सरळ करून घेणं, हेड थोडं घासून घेणं, एवढं त्याने केलंच होतं. त्यापुढे त्याची पोच नव्हती. "ताकद इकत घ्या लागते. वजन फुकटात कमी होते."

ताणकाटा तुम्हाला माहीत आहे का? आकड्याला वस्तू अडकवली की स्प्रिंग ताणली जाते आणि वजन दिसतं. त्याने भंगारवाल्याकडून एक मोठा ताणकाटा आणून त्या लोखंडी अँगलला टांगला आणि गाडीतून निघणारी प्रत्येक वस्तू त्याला अडकवायला लागला. मागची सीट. मग पुढची डावी सीट. स्टेपनी, जॅक, पायाखालचं जाजम, जाजमाखालचा डांबराचा थर, दारांच्या आतले पुठ्ठे, हीटर. चंद्रपुरात हीटर कशाला बसवतात हा प्रश्न त्याला खरोखरच पडला होता. मी ओट्यावर चहा घेत बसलेली असे. तो आकडा मोठ्याने म्हणे आणि कोळशाने भिंतीवर लिही. माझी भिंत! दुसऱ्याच दिवशी मी त्याला पुसायला लावलं आणि आतून एक कोरं रजिस्टर आणलं. शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवताना मी हजेरीपुस्तकात कधी खाडाखोड केली नाही. रूळ घेऊन रकाने आखले: तारीख, वस्तू, वजन, शिल्लक. "आता तू सांग, मी लिहिते."

तो इतका खूश झाला की त्याने मला खुर्ची आणून दिली. त्या दिवसापासून मी नोंदनीस.

नट-बोल्टसुद्धा मोजले जात. एक दिवस तो लोखंडी पट्ट्यांना ड्रिलने भोकं पाडत बसला होता आणि खाली पडणारा सगळा कीस एका डब्यात गोळा करत होता. संध्याकाळी डबा माझ्या स्वयंपाकघरातल्या लहान काट्यावर ठेवून म्हणाला, "लिवा बाई, आज भोकं दोनशे दहा ग्रामची झाली." मी लिहिलं: भोकं, दोनशे दहा ग्रॅम. फोरमनसाहेबांना हे कळल्यावर ते आठवडाभर प्रत्येकाला सांगत सुटले, "आमच्या समोर एक गडी हाय, भोकं तोलते!"

मी एकदा त्याला गाडीत ठेवायला छोटा गणपती दिला. पितळेचा, अंगठ्याएवढा. त्याने तो तळहातावर ठेवून अंदाज घेतला. "चाळीस ग्राम असन," म्हणाला आणि अगदी आदराने मला परत दिला. "तुमी ठेवा, बाई. आमचा देव जंगलात राह्यते. त्याले गाडीत काऊन बसवू?"

पेट्रोलही तो मोजूनच भरायचा, कारण पेट्रोललाही वजन असतं. त्यामुळे महिन्यातून एकदा तरी गाडी कुठेतरी बंद पडे आणि तो ती ढकलत आणे. ढकलताना त्याचा चेहरा मी पाहिला आहे. त्याला वाईट वाटत नसे. "आता सोपी जाते ढकलाले," एवढंच म्हणायचा.

आता रजिस्टरमधल्या दुसऱ्या नोंदीबद्दल.

गाडी धावते तेव्हा ड्रायव्हर तिच्या आतच असतो. त्यामुळे खरं वजन एकट्या गाडीचं धरायचं नाही, दोघांचं मिळून धरायचं, असं त्याचं म्हणणं होतं. मला ते पटलं. मी डाव्या पानावर गाडी आणि उजव्या पानावर ड्रायव्हर असा भाग केला, खाली बेरजेला जागा ठेवली आणि तिथे मथळा लिहिला: गाडी अधिक ड्रायव्हर. तुमच्या आजोबांना साखरेचा त्रास होता तेव्हा आणलेला वजनाचा काटा माझ्या न्हाणीघरात पडून होता. दर रविवारी सकाळी तो चपला काढून त्यावर उभा राही आणि मी वाकून आकडा वाचून लिहीत असे.

पहिल्या रविवारी एकोणसाठ किलो. मग अठ्ठावन्न. मग काही आठवडे काहीच नाही. मग सत्तावन्न, साडेपंचावन्न, चोपन्न.

एकदा त्याने डोक्याचे केस पूर्ण काढून ते कागदाच्या पुडीत बांधून आणले होते, तोलायला. आम्ही दोघंही खूप हसलो होतो. ते पान अजून डोळ्यांपुढे आहे. केस, पंचावन्न ग्रॅम.

मी त्याला डबा देत असे. आधी तो चाटूनपुसून परत यायचा, नंतर अर्धा येऊ लागला. भाकरी तशीच, भाजी चिवडलेली. मी रागावले नाही. मला वाटलं, पोराच्या अंगी निग्रह आहे. फोरमनसाहेब फाटकातून म्हणाले, "अबे, आता काय हाडं काढून ठेवतो का?" तो म्हणाला, "हाडं म्हंजे चेसिस हाय, साहेब. चेसिसले हात नाई लावाचा." यावर मी इतकी हसले की मला ठसका लागला.

तोही खोकायचा. पण त्या दिवसांत त्याने लोखंडी बॉनेट काढून फायबरचं बनवायला घेतलं होतं आणि दिवसभर ते काचकागदाने घासत असे. पांढरी धूळ सगळ्या गॅरेजभर. कोणीही खोकलं असतं. मी त्याला मास्क आणून दिला आणि घराच्या मागच्या खिडक्या लावून घेतल्या. संध्याकाळी त्याचं अंग गरम असायचं. एकदा चहाचा कप देताना बोटं लागली तेव्हा मला जाणवलंही. पण मे महिना होता. चंद्रपूरच्या मे महिन्यात कोणाचं अंग गरम नसतं?

खोकल्याला धूळ होती, तापाला ऊन होतं, न जेवण्याला गाडी होती. प्रत्येक गोष्टीला तिचं तिचं कारण जागच्या जागी होतं, आणि मला सगळं जागच्या जागी लागतं हे तुम्हाला माहीत आहे. शाळेत एखाद्या मुलाचे गुण लागोपाठ तीन चाचण्यांत उतरले की मी त्याच्या वडिलांना बोलावून घेत असे. इथे दर रविवारी एक आकडा माझ्याच अक्षरात खाली उतरत होता, आणि शिक्षिकेच्या सवयीने मी त्याच्यापुढे लाल पेनने बरोबरची खूण करत होते.

नागपूरची शर्यत हिवाळ्याच्या सुरुवातीला होती. गाडीत दुसरी सीट नव्हती, म्हणून मी एसटीने गेले. रजिस्टर पर्समध्ये घेतलं होतं, कारण तिथे वजन विचारतील अशी आमची समजूत होती. कोणी विचारलं नाही. तो आधीच पोहोचला होता. बाकीच्यांच्या गाड्यांवर पट्टे, आकडे, चकचकीत रंग. ह्याच्या बॉनेटला रंगसुद्धा नव्हता. रंगाचं वजन!

त्याची पाळी आली. मला शर्यतीतलं काही कळत नाही, पण त्या रविवारपर्यंत मी कधी कोणाला एखादी गोष्ट इतकी नेमकी करताना पाहिलं नव्हतं. ज्या पायाने तो झोपलेल्या माणसांच्या माना सांभाळायचा त्याच पायाने ती गाडी शंकूंमधून वळवत होता. एकही शंकू पडला नाही. लाउडस्पीकरवाल्याने या वेळी फक्त त्याची वेळ सांगितली. लहान गाड्यांमध्ये तो दुसरा आला.

गाडी थांबली तरी तो उतरेना. लोकांना वाटलं, दार अडकलं. मी गेले तर दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे मिटलेले, छाती भात्यासारखी. तोंडाला दुपट्टा बांधलेला होता.

"किती, बाई?" त्याने विचारलं. मी वेळ सांगितली.

"अजून तीन किलो काढता येईन," तो म्हणाला.

मग दुपट्टा सोडला. आतल्या बाजूला लाल डाग होता. आमच्याकडे गड्याच्या दुपट्ट्यावर लाल डाग दिसला तर कोणी दोनदा पाहत नाही. सगळ्यांच्याच तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा नाहीतर पान. पण हा खर्रा खात नव्हता, पान खात नव्हता, सुपारीसुद्धा नाही. हे त्या मैदानावर एकट्या मलाच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. तरुण डॉक्टर होते, शांत. त्यांनी छाती तपासली, फोटो काढायला सांगितला आणि विचारलं, "वजन कधीपासून कमी होतंय?" असल्या प्रश्नाला पेशंट नेहमी "झाले असतील काही महिने" असं म्हणतात. मी पर्समधून रजिस्टर काढून त्यांच्यापुढे उघडलं. त्यांनी उजवी पानं एकामागून एक उलटली. सव्वा वर्ष, दर रविवार. शेवटचा आकडा त्रेचाळीस.

"हे कोणी लिहिलंय?"

"मी."

ते लाल खुणा पाहत पहिल्या पानापर्यंत परत गेले. "इतकी नीट नोंद मी कुठल्याच पेशंटची पाहिली नाही," म्हणाले. ते मनापासून बोलले होते. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं.

बाहेर बाकावर बसल्यावर मी त्याला रागावले. स्वतःवरचा राग त्याच्यावर काढला, दुसरं काय. "गाडीपायी कोणी उपाशी राहतं का रे? इतकी कसली शर्यत?"

तो माझ्याकडे आश्चर्याने पाहू लागला. "मी उपाशी नव्हतो राह्यत, बाई. भूकच नव्हती लागत. वजन आपोआप जाऊन राह्यलं होतं." आणि मग, जरा लाजून, "मले वाटलं, बरंच हाय. गाडीच्या कामाचं हाय."

यानंतरचं थोडक्यात लिहिते. औषधं सुरू झाली. कंत्राटदाराने बसवर दुसरा ड्रायव्हर नेमला. बंद बसमध्ये चाळीस माणसं असतात, त्यामुळे त्यात त्याची काही चूक म्हणता येणार नाही. मला म्हणाला, "नवीन डायवर लय जोरात मारते ब्रेक." तो गावी गेला. माझीही तपासणी झाली, मला काही निघालं नाही. गाडी गॅरेजमध्येच राहिली.

गावात फोनची रेंज नव्हती. दर रविवारी तो टेकडीवर चढून फोन करायचा, आणि बोलण्याआधी बराच वेळ नुसता श्वास ऐकू यायचा. गाडी आठवड्यातून एकदा चालू करा, असं त्याने मला बजावलं होतं. मी फोन सुरू ठेवून गाडीत बसायची, चोक ओढायची, किल्ली फिरवायची. मग फोन खिडकीतून बाहेर धरायची. पाचेक मिनिटं तो इंजिन ऐके. "चोक आत ढकला आता," तो तिकडून सांगे. "हां. हळू. आता बरी हाय." सत्तरीच्या उंबरठ्यावर मी ती गाडी चालू करायला शिकले. फोरमनसाहेब फाटकात येऊन उभे राहायचे आणि इंजिन बंद झालं की आत जायचे.

एका रविवारी मी त्याला विचारलं, तिकडे वजन करतोस का? म्हणाला, "नाई. इथी काटा नाई." खोटं बोलत होता. आरोग्य केंद्रात औषध घ्यायला जायचा, तिथे काटा असणारच. मी पुन्हा विचारलं नाही.

माघात फोन यायचे थांबले. चौथ्या रविवारी त्याचे वडील दोन माणसांबरोबर एक भाड्याचा टेम्पो घेऊन दारात आले. बारीक, काळेसावळे, माझ्याच वयाचे. "जोहार, बाई," म्हणाले. मग काय झालं ते सांगायची गरज नव्हती.

त्यांना गाडी न्यायची होती. फोरमनसाहेब चांगल्या मनाने म्हणाले, "भाऊ, गावात चालवाले कोनी नाई, रस्ता नाई. कायले नेता? इथीच कोनाले देऊन टाका." वडिलांना मराठी जेमतेम येत होतं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्याची हाय."

त्यांच्यात गेलेल्या माणसासाठी उभा दगड रोवतात आणि त्याच्या वापरातल्या वस्तू त्याच्याजवळ नेऊन ठेवतात. खाट, भांडी, कोणाची सायकल. त्या वस्तू त्याच्याच राहतात.

मी त्यांना रजिस्टर दाखवलं. लपवून ठेवणं मला जमलं नसतं. बरोबरच्या माणसाने त्यांना माडियात समजावून सांगितलं: हे आकडे काय, ह्या खुणा काय, ही बाई काय म्हणते आहे. मी म्हणत होते की हे माझ्या डोळ्यांपुढे होतं आणि मला वाचता आलं नाही. ते पुष्कळ वेळ त्या पानावरून बोट फिरवत राहिले. मग मराठीत, एकेक शब्द शोधत म्हणाले, "तुमी लिवलं तरी. आमी तं पाह्यलंबी नाई." माफ केलं, असं मला अजूनही म्हणवत नाही. ते जे म्हणाले तेवढंच मी इथे लिहिते.

मी त्यांच्याबरोबर गेले. टेम्पोत पुढे बसून एटापल्ली, आणि मग जंगलातला कच्चा रस्ता. गावाच्या अलीकडे एक नाला आहे. त्याला पूल नाही आणि काठ उभे आहेत. टेम्पो तिथेच थांबला. गावातून माणसं आली. त्यांनी गाडीखालून बांबू घातले, दोरांनी बांधले आणि बारा जण खांदा द्यायला उभे राहिले. त्यांनी मोटारगाडीच्या हिशेबाने जोर लावला आणि गाडी एकदम वर आली. दोघे मागच्या मागे पडता पडता राहिले. कोणीतरी माडियात काही बोललं आणि सगळे हसले. त्याचे वडीलसुद्धा हसले.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

बरोबरचा माणूस म्हणाला, "म्हणते, पोरानं आपल्यासाठीच हलकी केली."

बारा माणसांनी ती न थांबता, एकदाही खाली न टेकवता पलीकडे नेली. मी चप्पल हातात घेऊन त्यांच्या मागून नाला ओलांडला.

ह्या पावसाळ्यानंतर त्याच्या गावचा एक जण काही कामाने चंद्रपूरला आला होता, तो मला भेटून गेला. मी विचारलं. दगड आहे. त्याच्याशेजारी गाडी उभी आहे. टायर बसले आहेत, आत मोहाची पानं साचली आहेत, आणि तिचा एकही नट कोणी काढून नेलेला नाही.